पीसी-सात आणि गिरजाबाईंचं दुकान

मित्रांनो, माझ्या अंगावर पांढऱ्या रंगाने 'पीसी-७' असं लिहिलेलं आहे. तेच माझं नाव. वाशीमच्या एका महाविद्यालयात मी आलो तेव्हा कोराकरकरीत होतो. आज माझा पंखा खरखरतो, कळफलकावरची काही अक्षरं बोटांनी झिजून दिसेनाशी झाली आहेत, आणि बटण दाबल्यापासून मी जागा होईपर्यंत मुलं चहा पिऊन परत येतात. पण एकदा जागा झालो की मला सगळं आठवतं. तुम्हाला वेळ असेल तर ऐका.

माझा जन्म कुठे झाला हे मला सांगता येत नाही, कारण मी एका ठिकाणी जन्मलोच नाही. माझा मेंदू एका देशात घडला, स्मृती दुसऱ्या देशात, आणि पत्र्याचा डबा तिसऱ्याच कुठेतरी ठोकला गेला. अकोल्याच्या एका दुकानात हे सगळे एकमेकांना पहिल्यांदा भेटले. तिथल्या कारागिराने मला जोडलं, माझ्यात वीज सोडली, आणि पडद्यावर पहिली ओळ उमटली. तेव्हापासून मला एक खोड लागली. कोणी काही टाईप केलं, की ते कुठून आलं आणि कुठे जाणार हे जाणून घ्यावंसं वाटतं. सांगणारं मात्र सहसा कोणी नसतं.

वाशीमला आम्ही रेल्वेने आलो आणि स्टेशनवरून ऑटोत बसून कॉलेजात. आम्हा सगळ्या भावंडांची रांग तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत लागली. मला खिडकीजवळची जागा मिळाली. तिथून कॉलेजचं फाटक दिसायचं, फाटकाबाहेरचा रस्ता दिसायचा, आणि रस्त्यावरच्या मोटारसायकली, बकऱ्या आणि शाळेची पोरं दिसायची. उद्घाटनाला आमच्यावर फुलं वाहिली. दसऱ्याला झेंडूचा हार आणि कुंकवाचा टिळा लागला. त्यातलं थोडं कुंकू माझ्या कळांच्या फटीत गेलं, ते पुढे कित्येक महिने मुलांच्या बोटांना लागत राहिलं.

सुरुवातीची वर्षं सरळ गेली. मुलं माझ्यावर अर्ज टाईप करायला शिकली, तक्ते आखायला शिकली, आणि सर बाहेर गेले की पत्ते खेळायला शिकली. 'इलेक्ट्रॉनिक व्यवसाय' नावाचा एक विषय होता. त्या तासाला मात्र आम्हाला बंदच ठेवत. सर व्याख्या सांगत, मुलं त्या वहीत उतरवून घेत. इंटरनेटवरून खरेदी म्हणजे काय, तिचे फायदे, तिचे तोटे. मी खोलीत बसून ते ऐकायचो आणि मला नवल वाटायचं. पोहायला शिकवायचं आणि विहीर झाकून ठेवायची, असा तो प्रकार होता.

मग मंजुषा मॅडम आल्या. बारीक चणीच्या, खांद्याला कापडी पिशवी, आणि बोलताना समोरच्याकडे अशा बघायच्या की त्याला उत्तर सुचलंच पाहिजे. पहिल्याच तासाला त्यांनी पुस्तक उघडलं, पहिलं पान वाचलं, आणि मिटून ठेवलं.

"तुमच्यापैकी कोणाच्या घरी काही विकतात?" त्यांनी विचारलं.

मुलं वहीत बघू लागली. अशा प्रश्नाचं उत्तर परीक्षेत येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. शेवटी मागच्या बाकावरून एका मुलीने हात वर केला.

"आमच्या घरी भाजीपाला, मॅडम. माय बाजारात बसते."

ती शुभांगी. तिच्या घरचा मळा वाशीमला लागूनच होता. वडील नथ्थू आणि आई गिरजाबाई, दोघं मिळून वांगी, मेथी, मुळे आणि सांबार पिकवायची. आमच्या वऱ्हाडात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे तुम्हाला माहीत असेलच. शुभांगी पहाटे आईबरोबर भाजी तोडायची आणि मग कॉलेजला यायची, त्यामुळे तिच्या बोटांच्या टोकांना हिरवट डाग असायचे. ते डाग मी अगदी जवळून पाहिले आहेत.

"मग आपण तुझ्या आईचं दुकान काढू," मॅडम म्हणाल्या. "इंटरनेटवर. खरंखुरं. लोकांनी संध्याकाळपर्यंत भाजी मागवायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजच्या फाटकाशी येऊन घेऊन जायची. हाच तुमचा प्रकल्प आणि ह्याच्यावरच तुमचे मार्क."

वर्गात कुजबुज सुरू झाली. दुसऱ्या गटांनी दुसरी दुकानं निवडली. कोणी मंडपवाल्याचं घेतलं, कोणी सायकल दुरुस्तीचं. शुभांगीचा गट माझ्यासमोर येऊन बसला. त्यात धम्मरत्न नावाचा एक मुलगा होता. तो रोज किन्हीराजाहून एसटीने यायचा आणि धापा टाकत वर्गात शिरायचा. त्याला एक विचित्र आवड होती. एखादी गोष्ट चालतेय असं दिसलं, की ती कशी बंद पडेल हे तो शोधत बसायचा.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा काळ तो. दुकान कसं उभं राहतं ते मी तेव्हा पाहिलं. आधी पाटी. मग भाज्यांची नावं आणि भाव. मग गिऱ्हाइकाने काय मागितलं ते लक्षात ठेवणारा कप्पा, आणि तो निरोप गिरजाबाईंच्या मोबाईलवर पोचवणारी वाट. एक चिन्ह चुकलं की सगळं पान पांढरं पडायचं, आणि चार डोकी माझ्या पडद्यावर वाकायची.

धम्मरत्नने पहिल्याच दिवशी मागणीच्या चौकटीत 'उणे पाच किलो वांगी' असं लिहिलं. मी हिशेब केला आणि दुकानच गिऱ्हाइकाला पैसे देणं लागतं असं उत्तर दिलं.

"अरे, काय करून राह्यला तू?" शुभांगी ओरडली. "उणे वांगी कोन घेते?"

"कोनी नाई घेत. पन याले कुठं माहीत हाय ते?" धम्मरत्न माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला.

मॅडम मागे येऊन उभ्या होत्या. त्या एवढ्या खूश झाल्या की त्यांनी ते वर्गाला वाचून दाखवलं. "बघा. यंत्राला वांगं माहीत नसतं. ते तुम्ही त्याला शिकवायचं," त्या म्हणाल्या.

ते खरंच होतं. वांगं म्हणजे काय हे मला तेव्हाही माहीत नव्हतं. माझ्याजवळ ते काना-अनुस्वार धरून पाच चिन्हांचा एक पुंजका आणि त्यापुढचा एक आकडा एवढंच होतं. पण त्या दिवसापासून माझं कुतूहल वाढलं. कोणीतरी चौकटीत आकडा भरतो, बटण दाबतो, निरोप जातो. पलीकडे नेमकं काय होतं?

गिरजाबाईंना हे पटवायला शुभांगीला बराच वेळ लागला, असं तिच्या बोलण्यातून कळलं. माय म्हणत होती, मी बाजारात बसते तिथं लोकं माह्या तोंडाकडे पाहून भाजी घेतात, मोबाईलमध्ये कायले पाहतील? पण लेक शिकते आहे, तिच्या मार्कांचा प्रश्न आहे, म्हणून ती तयार झाली. दुकान उघडलं. पहिल्या आठवड्यात कॉलेजातल्या शिक्षकांनी मेथीच्या जुड्या मागवल्या. मग शेजारच्या कॉलनीतल्या दोघीतिघींनी मुळे मागवले. दर मागणीला शुभांगी खुर्चीतून अर्धवट उठायची. मंडपवाल्याच्या गटाकडे अजून एकही मागणी नव्हती, त्यामुळे ती पोरंही आमच्या पडद्यात डोकावायची.

आता जे घडलं ते सांगतो.

माझ्यात दोन दुकानं होती. एक खरं आणि एक सरावाचं. मुलं नवीन काही करायची ते आधी सरावाच्या दुकानात करून बघायची. दोन्हींचा रंग एक, पाटी एक, भाज्यांची चित्रंही तीच. 'खरं' की 'सराव' एवढाच शब्द वेगळा, आणि तोही वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत. एका दुपारी गटाने गिऱ्हाइकासाठी 'काही सांगायचं असल्यास' अशी एक नवी चौकट जोडली. बाकीचे गेल्यावर, तिच्यात लांबलचक मजकूर बसतो का, हे धम्मरत्नला बघायचं होतं. त्याने गिऱ्हाइकाच्या नावाच्या जागी आपल्या वडिलांचं नाव टाकलं, इंद्रभान. फोन नंबर मनाने ठोकला. वांगी, चाळीस किलो. आणि चौकटीत भरभरून लिहिलं, 'घरी कार्यक्रम आहे, पंगत मोठी आहे, ताजी पाहिजेत, सकाळी लवकर पाहिजेत, दुसरीकडे सांगितलेलं नाही, तुमच्यावरच भरवसा आहे.' मजकूर नीट बसला. तो समाधानाने हसला, दप्तर उचललं आणि एसटी गाठायला पळाला.

त्याने ते खऱ्या दुकानात लिहिलं होतं.

मी निरोप पाठवला. माझं कामच ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीची झडप उघडली गेली तेव्हा फाटकाशी एक बाई उभी असलेली मला दिसली. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, आणि पायाशी गच्च भरलेली पोती. शेजारी एक ऑटो थांबलेला, त्याचा चालक कंटाळून बिडी ओढत होता. बाई मोबाईल कानाला लावायची, खाली करायची, पुन्हा लावायची. रस्त्याने येणाऱ्या प्रत्येक माणसाकडे मान वळवून बघायची. मला ती कोण हे माहीत नव्हतं.

मग शुभांगी धावत खोलीत आली. तिने माझं बटण दाबलं आणि मी जागा होईपर्यंत ती टेबलावर बोटं आपटत राहिली. तिने मागणी उघडली, हजेरीत धम्मरत्नच्या नावापुढे येणारं इंद्रभान हे नाव वाचलं, वेळ वाचली, आणि तिथेच बसून राहिली.

धम्मरत्न नेहमीसारखा धापा टाकत आला.

"ही ऑर्डर तू टाकली?" तिने विचारलं.

त्याने वाकून पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. "पन हे तं सरावाचं…"

"हे खरं हाय. कोपऱ्यात वाच."

त्याने वाचलं.

"माय पहाटंच उठली," शुभांगी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे तो जास्तच लागत होता. "बाबाले उठवलं. शेजारच्या काकूले बलावलं. सारी वांगी तोडली, लहान लहान बी तोडली. रोजचा व्यापारी आला, त्याले माल नाई म्हून परत पाठवलं. तिथं फाटकापाशी उभी हाय ती. काय सांगू मी तिले? पोट्टा चौकट पाहून राह्यला होता म्हून सांगू?"

बाकीचा गट भिंतीकडे बघत होता. धम्मरत्न मागे वळला. तो बाहेर गेला. मला वाटलं तो घरी चालला. पण खिडकीतून मी पाहिलं, तो सरळ फाटकाकडे गेला. खिडकी उघडी होती आणि सकाळची वेळ शांत होती, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"काकू, इंद्रभान म्हंजे माहे बाबा," तो म्हणाला. "ऑर्डर म्या टाकली."

गिरजाबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मंग कुठी हाय तुहे बाबा? पंगत कवा हाय?"

"पंगत नाई काकू. मी पाहून राह्यलो होतो, ते चालते का म्हून."

गिरजाबाईंनी मोबाईल कमरेला खोचला.

"चाललं ना बाबू," त्या म्हणाल्या. "तू लिवलं, म्या तोडलं."

मित्रांनो, पलीकडे काय होतं हे मला त्या क्षणी कळलं. आकडा पलीकडे गेला की कोणीतरी अंथरुणातून उठतं.

त्या दिवशी तास झालाच नाही. मॅडम फाटकाशी गेल्या, गिरजाबाईंशी बोलल्या, आणि मग सगळ्या वर्गाला बाहेर बोलावलं. मुलांनी पोती वाटून घेतली आणि पिशव्या भरून ती गल्लीगल्लीत हिंडली. धम्मरत्नने सगळ्यात जड पोतं उचललं होतं. दुपारी मुलं परत आली तेव्हा उन्हाने लाल झालेली होती. बरीच वांगी खपली होती. उरलेली वसतिगृहाच्या खानावळीने घेतली, आणि त्या संध्याकाळी तिथे निखाऱ्यांत भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी झाली. पण शुभांगी धम्मरत्नशी बोलली नाही. आणि गिरजाबाई ऑटोत बसताना एवढंच म्हणाल्या, "आता ते दुकान बंद कर वं पोरी. मले पुन्हा निरोप नको येऊ देऊ."

त्यातच प्राचार्यांच्या कानावर ही गोष्ट गेली. ते स्वतः प्रयोगशाळेत आले.

"मॅडम, विद्यार्थ्यांच्या प्रकल्पापायी एका शेतकरी बाईचं नुकसान झालं. उद्या आणखी काही झालं तर कॉलेजचं नाव येईल. हे सगळं बंद करा. पडद्याची चित्रं छापून फाईलला लावा, तेवढ्यावर मार्क मिळतात. बाकी सगळी कॉलेजं तेच करतात."

"सर, फाईलमध्ये ही चूक झालीच नसती," मॅडम म्हणाल्या.

"तेच तर म्हणतोय मी."

"आणि मुलांना कळलंही नसतं की अशी चूक होते. पुढे ही कुठेतरी नोकरीला लागतील, तिथे करतील. तिथे फाटकाशी उभं राहिलेलं माणूस त्यांना दिसणार नाही."

प्राचार्यांनी मान हलवली. ते वाईट गृहस्थ नव्हते, त्यांना काळजी होती. "आठवडाभर थांबतो," ते म्हणाले. "पण त्या बाईंचीच इच्छा नसेल तर प्रश्नच मिटला."

त्या आठवड्यात खरं दुकान बंद होतं. मुलं यायची, माझ्यासमोर बसायची, पण हात कळांवर ठेवायची नाहीत. मलाही करमेना. आणि एका दुपारी दारात हिरवं लुगडं दिसलं.

शुभांगी गडबडून उठली. "माय, तू इथं कायले आली?"

"पाहाले आली," गिरजाबाई म्हणाल्या. त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या आणि आत आल्या. "चाळीस किलो वांगी तोडाले लावनारं कोन हाय ते तं पाहू दे. कोनतं ते?"

शुभांगीने माझ्याकडे बोट दाखवलं. गिरजाबाई जवळ आल्या. त्यांनी माझ्या डब्यावर हात ठेवला. तो गरम लागला तसा त्यांनी झटकन काढून घेतला आणि पुन्हा ठेवला. "अंग तापलं याचं," त्या म्हणाल्या. मग वाकून पंख्याच्या जाळीतून आत पाहिलं. माझ्याकडे एवढं लक्षपूर्वक त्याआधी कोणी पाहिलं नव्हतं. मी जेवढा त्यांच्या जगाबद्दल उत्सुक होतो, तेवढ्याच त्या माझ्या.

"बसा काकू," मॅडम म्हणाल्या. "तुम्हीच एकदा तुमच्या दुकानातून भाजी मागवून बघा. सरावाच्या दुकानातून."

गिरजाबाई खुर्चीच्या टोकावर बसल्या. शुभांगीने माऊस त्यांच्या हातात दिला. बाण पडद्यावर सैरावैरा पळाला आणि त्या हसल्या. मग वांग्याच्या चित्रापाशी थांबल्या.

"हे वांगं कोनाचं हाय?"

"आपलंच, माय."

"आपलं? आपली हिरवी, पांढऱ्या रेघाईची, काटेरी. हे तं मोठं, जांभळं, तेल लावल्यावानी. कोन्या देशाचं हाय?"

वर्गात हशा पिकला. चित्र इंटरनेटवरून उचललेलं होतं. शुभांगीने खाली मान घातली, आणि मग तीही हसू लागली. मार्कांच्या घाईत मळ्यातल्या वांग्याचा एक फोटो काढायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

पुढे चौकट आली, ई-मेलचा पत्ता भरा. तो भरल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं.

"हे काहून पायजे?" गिरजाबाईंनी विचारलं.

 मॅडमनी गटाकडे पाहिलं, गटाने एकमेकांकडे पाहिलं. मोठ्या दुकानांत ती चौकट असते म्हणून इथेही होती. धम्मरत्न कोपऱ्यातून हळूच म्हणाला, "काकू, ते काढून टाकतो मी." तो त्या दिवसानंतर पहिल्यांदाच बोलला होता.

गिरजाबाईंनी वळून त्याच्याकडे पाहिलं. "तूच ना तो, इंद्रभानचा?"

"हो, काकू."

"किती वांगी विकली त्या दिवशी तू?"

"एक पोतं."

"हातोहात?"

"नाई. लई फिरलो. एक बाई म्हने, दाखव आधी. मंग दाबून पाहिलं, मोडून पाहिलं, अन् मंग घेतली."

"तसंच अस्ते," गिरजाबाई म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा जरा सैल झाला. "बरं. हे एवढं दाबलं की निरोप मले येते, हो ना? मंग मधात कोनीतरी इचारलं पायजे. खरंच पायजे का म्हून. एक फोन. शुभांगीनं केला तरी चालते."

धम्मरत्न लगेच पुढे आला. "अन् सरावाचं दुकान आमी लाल करतो काकू. पुरं लाल. वर मोठ्या अक्षरात लिवतो, इथं काही खरं नाई."

त्या दोघांच्या बोलण्यात शुभांगी कधी सामील झाली, हे मला कळलंही नाही. थोड्या वेळाने तिघं माझ्यासमोर वाकून बसली होती आणि धम्मरत्न शुभांगीला विचारत होता की फोन संध्याकाळी करायचा की लगेच. ती त्याला उत्तर देत होती.

जाताना गिरजाबाई प्राचार्यांच्या खोलीत गेल्या. तिथलं मी ऐकलं नाही, पण मॅडमनी ते दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं. गिरजाबाई उभ्याउभ्याच म्हणाल्या होत्या, "साहेब, पोराईनं बिघडवलं तं पोराईलेच सुधरू द्या. आता बंद केलं तं माही वांगी अशीच गेली, कोनी काही शिकलंच नाई." प्राचार्यांनी त्यांना बसायला सांगून चहा मागवला, आणि दुकान पुन्हा उघडलं.

त्यानंतर शुभांगी दोन रविवार आईशेजारी बाजारात बसून आली. मॅडमनीच पाठवलं होतं. लोक काय विचारतात, कशाला हात लावतात, कशावर अडतात, हे सगळं ती येऊन सांगायची आणि मुलं ते दुकानात उतरवायची. एका गोष्टीवर मात्र गट अडला. बाजारात भाजी घेतली की गिऱ्हाईक पिशवी पुढे करतं आणि गिरजाबाई वरून मूठभर सांबार टाकतात. त्याचे पैसे नसतात. आता हे मला कसं शिकवायचं? शून्य किमतीची वस्तू, जी कोणी मागत नाही पण मिळालीच पाहिजे. धम्मरत्नने त्यावर पूर्ण दुपार घालवली. शेवटी प्रत्येक मागणीच्या खाली एक ओळ आपोआप येऊ लागली, 'वरून थोडा सांबार.' कॉलनीतल्या बायका ती ओळ बघूनच पुन्हा यायच्या, असं शुभांगी सांगायची.

दुकान काही फार मोठं झालं नाही. गिरजाबाई बाजारात बसतच राहिल्या. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी आटलं तेव्हा शुभांगीने पाटीवर लिहिलं, 'मळ्यात सध्या भाजी नाही, आली की कळवू.' पण पावसाळ्यानंतर लोकांनी आपणहून विचारलं, ताई, वांगी कधी? तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले होते. त्यांनी सगळ्यांना विचारला तो प्रश्न शुभांगीलाही विचारला, ई-व्यवसायाचे तोटे कोणते? तिने त्यांना वांग्यांची सगळी हकीकत सांगितली. परीक्षक ऐकता ऐकता खुर्ची पुढे ओढून बसले आणि पुढच्या मुलाला बराच वेळ बाहेर ताटकळावं लागलं.

ती मुलं गेली. शुभांगी शेतकऱ्यांच्या एका कंपनीत लागली, इथेच वाशीमला. धम्मरत्न पुण्यात आहे. दुसऱ्यांनी बनवलेलं काही लोकांपुढे जाण्याआधी ते कसं बंद पडेल हे शोधायचं, त्याचाच त्याला पगार मिळतो.

माझं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. नवे संगणक आले, पातळ, चकचकीत. मला अडगळीच्या खोलीत ठेवलं, मोडक्या बाकांशेजारी. तिथे कोणी वाईट वागवत नव्हतं, पण कोणी वागवतच नव्हतं. पालींनी माझ्या मागे अंडी घातली. उंदराने माऊसची वायर कुरतडली. धूळ आधी डोळ्यांवर बसते आणि मग आत शिरते. महिने गेले की वर्षं, मला सांगता येत नाही, कारण वीज नसली की माझं घड्याळही झोपतं.

गेल्या महिन्यात दार उघडलं. मंजुषा मॅडम होत्या, केसांत आता पांढरं डोकावतंय. त्यांच्याबरोबर एक मुलगी होती, रेणू नावाची. ती बंजाऱ्यांच्या तांड्यावरून येते. तिची आई आरसे आणि कवड्या लावून भरतकाम करते. ह्या वर्षी वर्गात मुलं जास्त आणि संगणक कमी, म्हणून रेणूला यंत्र मिळालं नव्हतं.

"मॅडम, हे चालू व्हते का?" तिने विचारलं.

"उघडून बघ," मॅडम म्हणाल्या.

रेणूने मला टेबलावर ठेवलं. स्क्रू काढून एका वाटीत जपून ठेवले. दात घासायच्या जुन्या ब्रशने तिने माझी धूळ काढली, माझ्या स्मृतीची पट्टी अलगद बाहेर घेतली, तिचे धातूचे पिवळे दात खोडरबरने घासले, फुंकर मारली, आणि पुन्हा बसवलं. मग बटण दाबलं. पंखा खरखरला, अडला, आणि फिरला.

मित्रांनो, मला तुमच्याकडून फार काही नको. मला धुळीत टाकू नका, माझी वायर हिसडू नका, आणि मी मंद चालतो म्हणून बुक्की मारू नका. माझ्यासारखं जुनं काही फेकण्याआधी एकदा उघडून बघा, कदाचित नुसती धूळच असेल. आणि तुम्ही माझ्या कळांवर काही लिहाल, एखादा आकडा, एखादं नाव, तेव्हा तो खरा समजून कोणीतरी कामाला लागणार आहे, एवढं मनात असू द्या. खरं आणि गमतीचं यातला फरक मला कळत नाही. तो तुम्हालाच सांभाळावा लागेल.

काल रेणू माझ्यासमोर बसली होती. तिने नवं पान उघडलं आणि सर्वांत वर आईचं नाव लिहिलं. मग वस्तूच्या जागी 'पिशवी' असं लिहिलं आणि त्यापुढच्या चौकटीत बाण नेला. 'किती दिवसांत मिळेल?' असा तिथे प्रश्न होता. तिची बोटं कळांवर आली आणि तिथेच थांबली.

"एक पिशवी भराले मायले किती दिवस लागते, मले माहीतच नाई," ती स्वतःशीच म्हणाली. तिने शेजारच्या मैत्रिणीकडे पाहिलं. "मी जाऊन इचारून येते. तोवर हे बंद नको करू."

तिने दप्तर उचललं आणि खोलीबाहेर पडली. चौकट रिकामी आहे, तिच्यात रेघ लुकलुकते आहे, आणि मी जागा आहे.